तुम्ही विचारलंत म्हणून: आते कसाले?

आखाजीला माहेरी अमळनेरला गेले की कुणी ना कुणी विचारतंच. यंदा मोठ्या वहिनींनी झोक्याखालीच गाठलं. "गाठ निघाली, बरी झालीस. मग परत कापाकापी आते कसाले, माय? या वयमा?" कापाकापी म्हणजे स्तनाचा आकार नीट करायची शस्त्रक्रिया.

स्तन वाचवला म्हणजे तो होता तसाच राहिला, असं वहिनींना वाटतं. मलाही वाटलं होतं. डावीकडची कॅन्सरची गाठ भोवतीच्या थोड्या मांसासकट काढली, नंतर चार आठवडे रेडिएशन. सुरुवातीच्या टप्प्यात एवढं केलं तरी पूर्ण स्तन काढल्याइतकंच आयुष्य मिळतं, हे इटली आणि अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या पाहण्यांनी २००२ साली दाखवलं. हे डॉक्टरांनी नीट समजावलं. पण रेडिएशननंतर उरलेला भाग वर्ष-दोन वर्षं आक्रसत राहू शकतो, हे कुणी बोललं नाही. गाठ काढली तिथली माझी खाच आत ओढली गेली, स्तनाग्र वर सरकलं. गाठ काढतानाच आजूबाजूचं मांस फिरवून ती पोकळी बऱ्याचदा भरता येते, हेही मागाहून कळलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शिवणारी बाई डावीकडे जास्तीचा टक्स घालायची, वर आत स्पंजचा कप. मे महिन्यात, ४५ अंशांत, तो कप लावून खापरावर पुरणपोळ्या भाजून बघा. घाम, खाज, आणि पोळी टाकायला वाकलं की कप गळ्याशी!

प्लास्टिक सर्जननी आधी थांबवलं: सगळं आक्रसून स्थिरावू दे, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, स्वच्छ येऊ दे. सिलिकॉनची पिशवी नको म्हणाले, कारण रेडिएशन झालेल्या जागी तिच्याभोवती शरीर बनवतं ते आवरण कडक होण्याचा धोका जास्त. मग पोटाची चरबी घेतली. विणायच्या सुईएवढ्या नळीने ओढायची, फिरवून रक्त-तेल वेगळं करायचं आणि खाचेत थेंब थेंब सोडायची. एकदम गोळा भरला तर मधल्या चरबीला रक्त मिळत नाही, ती मरते आणि तिथे गाठ लागते. आणि कॅन्सर झालेल्या बाईच्या हाताला गाठ लागणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. थोडी चरबी शरीर जिरवूनच टाकतं, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. त्याच वेळी उजवी बाजू जराशी लहान करून घेतली. तिथून निघालेलं मांसही तपासणीला गेलं. आता दरवर्षी मॅमोग्राफीला गेले की आधी सांगते, इथे चरबी भरलीय. नाहीतर मेलेल्या चरबीतले चुन्याचे ठिपके बघून उगाच धावपळ.

वहिनींना एवढं सगळं कुठे सांगणार? म्हटलं, "कप काढायचा होता." त्या हसल्या, मग माझ्या ब्लाउजकडे नीट बघितलं.

अगदी सारखं नाही झालेलं. हात वर केला की डावीकडे अजून ओढ दिसते. टक्स मात्र दोन्हीकडे सारखे. शिवणारी बाई सवयीने डाव्या शिलाईत बोटभर माया अजून ठेवते.