झिपऱ्यांचं सोवळं

माझे केस कुरळे आहेत हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

अगदी कुरळे नव्हेत, लाटालाटांचे. पण इतकी वर्षं त्या ‘झिपऱ्या’ होत्या. रविवारी न्हायचं, खोबरेल थापायचं, दोन वेण्या डोळे ताणले जातील इतक्या घट्ट घालायच्या आणि शाळेत जायचं. “आवर त्या झिपऱ्या” हे आईचं वाक्य मी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. दिवाळीला पुण्याहून भाची आली. तिने माझे ओले केस न विंचरता नुसते मुठीत धरून दाबले, अर्धा तास हात लावू दिला नाही आणि मग आरसा समोर धरला. म्हणाली, “मावशी, तू इतकी वर्षं दुसऱ्याच कुणाचे तरी केस विंचरत होतीस.”

जाताना ती यादी ठेवून गेली. ओल्या केसांना बारीक कंगवा लावायचा नाही. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुना टी-शर्ट गुंडाळायचा. ड्रायर नको. शांपूत फेस आणणारं सल्फेट नको. पाम तेल नको, त्यासाठी जंगलं तोडतात. प्लॅस्टिकच्या पुड्या नकोत. बाटलीवर सशाचं चित्र हवं, म्हणजे प्राण्यांवर प्रयोग केलेले नाहीत. बाहेर सोफ्यावर सासूबाई मटार सोलत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “आमच्यात याला सोवळं म्हणत.”

मला हसू आलं, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

यादीतलं ओल्या केसांचं कलम मात्र खरंच शास्त्राला धरून आहे. पाण्याने केसातले काही बंध तात्पुरते सुटतात, केस रबरासारखा ताणला जातो आणि कंगव्याच्या हिसक्याने तुटतो. वाळताना ते बंध पुन्हा जुळतात, म्हणून केस ज्या आकारात वाळतो त्याच आकारात राहतो. ओली वेणी घालून झोपलं की सकाळी आपसूक लाटा येतात त्या यामुळेच. म्हणजे आई दोन वेण्यांनी माझे केस सरळ करत नव्हतीच, उलट आणखी वळणं देत होती. तिला हे सांगायला आता ती नाही.

पुढची पायरी जवसाची. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचे, अंड्याच्या बलकाभोवती असतो तसा चिकट पांढरा रस झाला की गाळून घ्यायचा. बाजारच्या जेलची गरज नाही. पहिल्या खेपेला मी ते निवायला ठेवलं आणि कपड्यातून पिळायला गेले, तर तो गोळा माझ्या कोपरापर्यंत आला आणि गाळणीत एक थेंब पडला नाही. गरम असतानाच गाळायचं असतं, हे यादीत नव्हतं. सासूबाईंनी तो सगळा प्रकार पाहिला. “तिला अळशी म्हणतात,” त्या म्हणाल्या, “पण राबवते बघ किती.” त्यांच्या मते जवस चटणीसाठी जन्माला आलेत.

पण त्यांनाही हुरूप आला. बाटल्यांपेक्षा आपलं बरं, म्हणून त्यांनी रविवार कारंजावरच्या गर्दीतून मला काष्ठौषधींच्या दुकानात नेलं आणि तोंडपाठ यादी म्हटली : शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचोरा, जटामांसी. दुकानातला तो वास! तेवढ्यासाठी मी रोज जाईन. घरी येऊन मी उगाच जटामांसीबद्दल वाचलं. ती हिमालयात उंचावर येते, तिचं मूळच खणून काढतात म्हणजे झाड जातं, आणि ती आता इतकी विरळ झाली आहे की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. मी हे सासूबाईंना सांगितलं. सांगायला नको होतं. “मग पन्नास वर्षं मी तेलात पाप उकळत होते का?” असं विचारून त्या पूजेला बसल्या. जटामांसीची पुडी तशीच आहे, तेलात आता कचोराच जास्त घालतो.

शिकेकाईशी माझं बरं जमलंय. आमच्या भागात नळाला पाणी कमी आलं की बोअरचं जड पाणी सोडतात. त्यात साबणाचा फेस होत नाही, नुसता चोथा होतो. शिकेकाईला पाण्याचं जडपण फारसं बाधत नाही. फक्त डोळे मिटावेत आणि पूड चाळून घ्यावी, नाहीतर दिवसभर डोक्यातून भुसा गळत राहतो. पण ती निवडताना एक काटा बोटात गेला आणि लक्षात आलं, ही वेल अंगभर काटेरी असते. शेंगा कुणीतरी त्या काट्यांतून हात घालून काढल्या असणार. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांना 2014 पासून बंदी आहे, त्यामुळे इथे बनलेल्या बाटलीवरचा ससा बऱ्यापैकी निवांत आहे. शेंगा काढणाऱ्या बाईच्या हाताचं चित्र मात्र मी अजून कुठल्या बाटलीवर पाहिलेलं नाही.

बुधवारच्या बाजाराला गंगेवर जाते तेव्हाही हे पाठ सोडत नाही. (नाशिकची गोदावरी आम्हाला गंगाच.) घाटाच्या पायऱ्यांच्या सांध्यांत शांपूच्या रिकाम्या पुड्या अडकलेल्या दिसतात. रामकुंडाशी न्हावी बसलेले असतात, कुणाच्या तरी दहाव्याला डोकी उतरत असतात. त्या दिवशी पिशवीत मेथीची जुडी घेऊन मी तिथे थोडी रेंगाळले आणि सासूबाईंच्या अल्बममधला एक फोटो आठवला. त्यांच्या आजीचा. आलवण नेसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेली. नावाऐवजी तिला सगळे ‘सोवळी’ म्हणत. केस काढलेल्या विधवेला मराठीत हाच शब्द होता. शब्द किती स्वच्छ, आणि दर थोड्या दिवसांनी तिचं डोकं भादरायला न्हावी यायचा. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपलं गिऱ्हाईक सोडलं. सल्फेट सोडणं त्यामानाने फार सोपं आहे.

यादीतलं शेवटचं कलम उरलं होतं : उशीचा अभ्रा रेशमी हवा, सुती कापडाच्या घासण्याने केस तुटतात. आता रेशमासाठी कोश उकळतात, हे येवल्याच्या जिल्ह्यात राहून मला सांगायला कुणी नको. भाचीला फोन केला. ती म्हणाली, नवं घेऊ नकोस, घरातलं जुनं वापर. पण पैठणी कापणार कोण, आणि जरीवर झोपणार कोण?

रात्री सासूबाईंनी कपाटाच्या तळातून सासऱ्यांचं सोवळ्याचं रेशमी कद काढलं. घडीवर विरलेलं, वासाला अजून कापराचं. मी नको नको म्हणत होते. “पूजेला आता कोण नेसतंय?” म्हणत त्यांनी स्वतःच कात्री चालवली आणि दोन दिवस बसून हाताने टीप घातली. अभ्रे दोन झाले. एक मला दिला.

दुसरा त्यांनी आपल्या उशीला चढवला. “हल्ली माझेही फार तुटतात,” त्या म्हणाल्या, आणि लिंबाएवढा पांढरा अंबाडा सोडून दिवा घालवला.