जुनी यादी, नवी यादी

आज गेल्या वर्षीची डायरी काढून संकल्पांची यादी सावकाश वाचली. रोज व्यायाम, भरपूर वाचन, आईला वेळ देणे. वाचन मनासारखं झालं, कारण त्याची वेळ आणि जागा पक्की होती: झोपण्याआधी, फोन दुसऱ्या खोलीत, पुस्तक उशाशी. बाकीच्या दोन ओळींना असा आधारच नव्हता.

फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये सवयींवर केलेला अभ्यास मला फार धीर देतो. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत! शिवाय मध्येच एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. (हे वाचून किती मोकळं वाटलं म्हणून सांगू!)

यंदा यादी छोटीच ठेवली आहे. ‘व्यायाम’ खोडून लिहिलं: सकाळी दात घासून झाले की लगेच बूट घालून बाहेर. आणि ‘आईला वेळ’ऐवजी: रविवारी संध्याकाळी आईला फोन, हातातलं काम बाजूला ठेवून, तिचं बोलणं संपेपर्यंत. ही ओळ सगळ्यात वर घेतली आहे.