टीबीच्या गोळ्या, माझं लिव्हर आणि जपानी लोक

मागच्या वर्षी मला फुफ्फुसाचा टीबी निघाला. वजन ५८, म्हणजे ५० ते ६४ किलोच्या गटात, रोज चार गोळ्या, प्रत्येक गोळीत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल चारही औषधं. लघवी नारिंगी होईल हे सेंटरवरच्या ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून त्याचं काही वाटलं नाही. पण काही आठवड्यांनी तर्री-पोहे समोर आले की मळमळायला लागलं, नागपूरच्या माणसाला तर्री नकोशी होते म्हणजे काहीतरी गडबड आहेच, मग डोळे पिवळे दिसले आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम, नॉर्मलच्या आठपट.

गोळ्या लगेच बंद केल्या. डॉक्टरांनीच केल्या, मनाने बंद करायच्या नसतात हे सांगून ठेवतो. मग नातेवाईक सुरू झाले. "खरं सांग बे, पितो का तू?" अरे थेंब घेत नाही बावा! सासूबाईंचं निदान वेगळं, गोळ्या गरम पडल्या, ताक प्या.

छातीच्या डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. आयसोनियाझिड लिव्हरमध्ये नॅट-टू नावाच्या एन्झाइमने मोडतं, आणि ते कोणात जोरात चालतं कोणात हळू, हे आईबापाकडून मिळालेल्या जीनवर ठरतं. जोरातवाल्यांच्या रक्तातलं औषध तास-दीड तासात निम्मं होतं, हळूवाल्यांना त्याच्या दुप्पट किंवा जास्तच वेळ लागतो. जपानात हळूवाले दहातला एखादाच, आपल्याकडे अर्ध्याहून जास्त, इजिप्तमध्ये तर त्याहूनही जास्त. हळूवाल्यांना लिव्हरचा आणि हातापायाला मुंग्या यायचा धोका जास्त, त्यातल्या मुंग्यांसाठीच तर सोबत बी-सिक्सची गोळी देतात. मी म्हटलं मग जोरातवाले सुखी, तर तसंही नाही, मद्रासच्या टीबी केंद्रात १९६० च्या दशकात आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिलं तेव्हा जोरातवाल्यांचेच रिझल्ट खराब आले होते. जपानात जीन बघून डोस कमी-जास्त करूनही पाहिलाय. आपल्याकडे ही टेस्ट नेहमीच्या उपचारात होत नाही, वजन बघून गोळ्या देतात. मला हे खटकतं, पण एवढ्या पेशंटची टेस्ट कोण करणार हेही कळतं.

एसजीपीटी उतरल्यावर एकेक औषध परत सुरू केलं, प्रत्येक वेळी मध्ये रक्त तपासून. हा काळ सगळ्यात वाईट, कारण खोकला आला की वाटायचं टीबी वाढतोय. रिफाम्पिसिन पचलं, आयसोनियाझिड चालू केलं की आकडा परत वर. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बहुतेक हळूवाले, पण टेस्टशिवाय मी लिहून देणार नाही." मग ते कायमचं काढलं, त्याच्या जागी लिव्होफ्लॉक्सासिन आलं, आणि कोर्स पूर्ण झाला.

यात एक भानगड राहिली होती. एकाच घरात राहतो म्हणून धाकट्या भावाला टीबी होऊ नये यासाठी सहा महिने गोळी सांगितली, आणि ती नेमकी आयसोनियाझिडच! मी माझी फाइल घेऊन त्याच्यासोबत गेलो, म्हटलं आमचे आईबाप एकच आहेत. त्याची आधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी केली, मधे मधे परत केली, काही म्हणजे काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले भावंडांतही हा जीन वेगळा येऊ शकतो. पठ्ठ्याने सहा महिने गोळी खाल्ली आणि रविवारी सावजी मटणही सोडलं नाही.