लाईट गेली की फिल्टरकडे बघा

फिशटँकचा दिवा दोन दिवस लागला नाही तर माशांचं काही बिघडत नाही. हीटर बंद पडला तरी शंभरेक लिटर पाणी तासाभरात गार पडत नाही. खाणं तर अशा वेळी उलट बंदच ठेवायचं, कारण खाल्लं की घाण वाढते आणि प्राणवायूही जास्त लागतो. घाई असते ती फक्त हवेची.

आमच्याकडे एकदा संध्याकाळी लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच आली. त्या रात्री काय काय केलं, ते सांगते. टँक मध्यम आकाराचा. त्यात निऑन टेट्रांचा थवा, तळाशी कोरीडोरास, एक गुरामी आणि बऱ्यापैकी वनस्पती. बाहेर कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकचं पाणी नळ्यांनी बंद डब्यातून फिरवणारा, आत कोपऱ्यात एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर. दिसायला तो अगदीच गबाळा, पण त्या रात्री तोच कामाला आला.

25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणजे पाणी गरम असेल तेव्हा साठा कमी आणि माशांची गरज मात्र जास्त. हा साठा भरून निघतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. बुडबुड्यांचं मोठं काम म्हणजे पाणी ढवळून खालचं वर आणणं. त्यांच्यातून थेट विरघळणारी हवा त्यामानाने थोडी. आणि वनस्पती आहेत म्हणून निर्धास्त राहायचं नाही, कारण अंधारात त्याही प्राणवायू घेतच असतात.

मी आधी यूएसबीवर चालणारा एअर पंप पॉवर बँकेला जोडला आणि नळी स्पंज फिल्टरला लावली. यात एक गोम आहे. हा पंप इतका कमी करंट ओढतो की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं फोन पूर्ण चार्ज झाला, आणि त्या थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. आपण निवांत झोपायचं आणि पंप बंद! म्हणून जोडल्यावर काही वेळ तिथेच थांबून बघायचं. माझ्या पॉवर बँकेला कमी करंटची सोय आहे. नसेल तर एकाच पॉवर बँकेवर दोन पंप लावून बघता येतात. हिशोब सोपा आहे: 10000 एमएएच हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे 37 वॉट-तास. 5 व्होल्ट करताना होणारी गळती धरून तीसच्या आत-बाहेर हाती लागतात. दीड वॉटचा पंप त्यावर रात्र आरामात काढतो. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाचे तीन-चार वॉट त्याला जाणवतही नाहीत. हीटर मात्र त्यावर लावायचा नाही, तो बॅटरी पिऊन टाकतो.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल तर नळीत चेक व्हॉल्व, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारी झडप, हवीच. नाहीतर पंप थांबला की पाणी नळीतून उलटं येऊन थेट पंपात उतरतं.

हे झाल्यावर कॅनिस्टर. माझ्या मते लोकांचं सगळ्यात कमी लक्ष जातं ते इथे. फिल्टरच्या आत माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू असतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. डबा बंद, प्रवाह थांबलेला, त्यामुळे काही तासांत आतला प्राणवायू संपतो. जिवाणू मरायला लागतात, गाळ कुजतो. मग लाईट आली की फिल्टर आपोआप सुरू होतो आणि ते सडकं पाणी सरळ माशांच्या अंगावर येतं. रात्र तगलेले मासे दुसऱ्या दिवशी मरतात ते बरेचदा यामुळे. लाईट लवकर येत नाही हे दिसल्यावर मी आधी कॅनिस्टरचा प्लग काढला, व्हॉल्व बंद केले, डबा उघडला आणि हे जिवाणू ज्यांवर राहतात ते सिरॅमिकचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून टँकमध्येच स्पंज फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ लटकवले. नळाखाली धुवायचे नाहीत. क्लोरीन उरलेसुरले जिवाणूही मारतं.

रात्री उठून पाहिलं तर गुरामी वर येऊन हवा घेत होती. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गुरामी आणि फायटर या माशांना वरची हवा घेता येईल असा खास अवयवच असतो. कोरीडोरासही मधूनच वर झेप घेऊन हवा गिळतात. निऑन पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकताना दिसले, तर मात्र काहीतरी करायलाच हवं. पंप नसेल तर मगाने पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतायचं, काही मिनिटं, मग थोड्या वेळाने पुन्हा. हात भरून येतो, पण उपयोग होतो. आमचे निऑन मधल्या थरातच होते.

पहाटे पाणी दोनेक अंशांनी उतरलं होतं. टँकच्या बाजूंना चादर गुंडाळली, वरचा भाग उघडा ठेवला.

लाईट आल्यावर कॅनिस्टर लगेच लावला नाही. डब्यातलं पाणी फेकून दिलं, त्यातले स्पंज टँकमधून बादलीत काढलेल्या पाण्यात पिळून घेतले, सिरॅमिक परत भरलं आणि मग सुरू केला. पुढचे काही दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइटची (अमोनिया पचताना तयार होतं ते, तेही विषारीच) चाचणी केली. इथे पीएचही बघावा लागतो: 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8 असेल तर पाच टक्क्यांच्या वर. माझं पाणी सातच्या आसपास असतं. तरी चाचणीत फिकट हिरवी झाक, म्हणजे थोडा अमोनिया, दिसली तेव्हा चौथाई पाणी बदललं, क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून. खाणं चिमूटभरच ठेवलं. चाचणी पुन्हा स्वच्छ पिवळी यायला लागल्यावर नेहमीइतकं सुरू केलं.