मनातली भीती, कागदावरचा पुरावा

बांधावरून झालेली भांडणं सेशन कोर्टाला नवी नाहीत. या केसमध्ये चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा (पात्यामागची बोथट बाजू) बसला होता. कवटीला फ्रॅक्चर झालं, पण माणूस वाचला. कलम लागलं 307, खुनाचा प्रयत्न. मी आरोपीचा वकील.

तिघं काठ्या घेऊन अंगावर आले आणि जीव वाचवायला फटका मारला, हा आमचा बचाव. दंड संहितेच्या कलम 102 प्रमाणे (आता न्याय संहितेचं 40) स्वसंरक्षणाचा हक्क सुरू होतो तो धोक्याची वाजवी भीती वाटल्यापासून. आणि आमचा गडी भीतीचं नाव काढू देईना. "वकीलसाहेब, त्यांना भ्यायला मी काय पोर आहे?"

मग त्याच्या मनातलं डॉक्टरांकडून काढायचं ठरवलं. अटकेनंतरच्या तपासणीत डाव्या हाताला कोपराखाली, बाहेरच्या बाजूला, लांबट मुका मार नोंदला होता. फिर्यादीच्या एकाही साक्षीदाराने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. उलटतपासात विचारलं, "डोक्यावर येणारी काठी हात आडवा धरून अडवली, तर अशी जखम होईल?"

"होऊ शकते."

लगेच खाली बसलो. इथे आणखी एक प्रश्न विचारायचा मोह झाला, की "पडल्यानेही होऊ शकते" हे उत्तर पदरात पडतं.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात अर्धवट तोडलेली बाभूळ आणि ताज्या ढलप्या होत्या, म्हणजे कुऱ्हाड भांडणासाठी आणलेली नव्हती. फटका एकच, तोही पात्याने नव्हे.

कलम 313 च्या जबाबात, म्हणजे न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात तेव्हा, साहेबांनी शेवटी विचारलं, आणखी काही सांगायचंय? "भ्यालो नव्हतो, साहेब. पण हात वर केला नसता तर मेलो असतो."

युक्तिवादात सरकारी वकिलांनी यातलं पहिलंच वाक्य उचललं. मी सर्वोच्च न्यायालयाचा 1967 चा मुन्शी राम निकाल पुढे ठेवला: आरोपीने स्वतः बचाव घेतला नाही, तरी पुराव्यातून दिसत असेल तर कोर्ट तो विचारात घेऊ शकतं. आरोपीला तो निर्विवाद सिद्ध करावा लागत नाही, संभाव्य आहे एवढं दाखवलं की पुरे. शिवाय मार खाणाऱ्याने गणिती काटेकोरपणे बचाव करावा ही अपेक्षाच अवास्तव, असं 2010 च्या दर्शन सिंग निकालात आहे.

निर्दोष सुटला. निकालाची नक्कल मुलाकडून वाचून घेतल्यावर त्याचा फोन आला. "आरोपीला जिवाची भीती वाटली, असं लिवलंय. ते खोडता येईल का?"

"त्यासाठी अपिलात जावं लागेल," म्हटलं. मग त्याने फीचा विषय काढला.