म्हापशाचा शुक्रवार, ऐन मे महिन्यातला

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी बसने गोव्यातल्या म्हापशाला उतरलो तेव्हा साडेसात वाजले होते, आणि तेथेच राहणाऱ्या मावशीच्या मते मला उशीरच झाला होता. तेथील बाजार रोजचाच आहे. पण शुक्रवारी बार्देश-पेडण्यातल्या खेड्यांतून माणसे आपापल्या परसातला माल घेऊन येतात आणि पक्क्या दुकानांमधली मोकळी जागा टोपल्यांनी इतकी भरते की पाऊल जपूनच टाकावे लागते.

मी केवळ मानकुराद आंब्यांसाठी आलो होतो. मावशीचा हेतू वेगळा होता. गोव्यात उन्हाळ्याच्या अखेरीस पावसाळ्याची जी बेगमी करतात तिला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज असला तरी खटाटोप आपल्या आजीच्या घरातलाच. त्यामुळे मावशी सर्वांत आधी सोले, म्हणजे आमसुले, आणि मग चिंच, माळेत ओवलेले लहान कांदे, सुकी सुंगटे (कोळंबी), या क्रमाने निघाली.

सोले विकणाऱ्या बाईंपुढे ती चांगली पंधरा मिनिटे बसली. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल उन्हात वाळवायची, मीठ घातलेल्या रातांब्याच्याच रसात बुडवायची आणि पुन्हा वाळवायची, असे अनेकदा केल्यावर सोल काळेभोर आणि चिवट होते. मावशीने एक सोल बोटांत दाबून पाहिले, कडेवरचे पांढरे मीठ नखाने खरवडले, तुकडा तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाली, "बाय, मिठाचे पैसे घेतेस की सोलांचे?" बाई हसल्या आणि मागच्या पिशवीतले दुसरे सोल काढून दिले. ते दाबल्यावर बोटांना जांभळट चिकटपणा राहिला. दोन किलो तिथेच मोजून झाले.

वाटेत मयडे गावची लांब, जाड केळी दिसली. या केळ्यांना आणि मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण म्हणून टोपलीपुढची घासाघीस कमी झाल्याचे मला तरी दिसले नाही.

आंब्यांकडे येईपर्यंत ऊन तापले होते. गवतात मांडलेल्या फळांपैकी एक उचलून विक्रेतीने देठाजवळचा भाग माझ्या नाकाशी धरला आणि विचारले, "आयज खावंक जाय काय फाल्यां?" हा प्रश्न साधा नव्हता, हे मला नंतर कळले. हापूसला सोसतो तसा दूरचा प्रवास मानकुरादला फारसा सोसत नाही, म्हणून जाणते गिऱ्हाईक काही आजची, काही उद्याची आणि काही चार दिवसांनी पिकणारी फळे मागते. मी वासाने वेडावून, पुण्याला परतायचे आहे हे विसरून, "आज" म्हणालो. डझनाला आठशे सांगितलेला भाव सहाशेवर आला याचाच आनंद मोठा होता. मावशीने डोळे वटारले, पण खरेदी झाली होती.

त्याच रात्री मी पुण्याची बस धरली. घाटात कधीतरी पिशवीतून गोड वास येऊ लागला आणि पहाटे हात घातला तेव्हा तळाच्या तीन आंब्यांचा रस टॉवेलात मुरला होता. उरलेल्यांपैकी चार मी थांब्यावरच, नळाशेजारी उभा राहून, कोयीपर्यंत चोखून संपवले; पाच घरी पोहोचले. मावशीने बळेच दिलेली अर्धा किलो सोले मात्र बरणीत तशीच आहेत, आणि परवाच्या आमटीत त्यांतली दोन पडली.