'इंडिका' गेलं, साहेब राहिले

हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, एका फोल्डरचं नाव बदलायचं होतं. पाच मिनिटांचं काम. पण त्या दिवशी समोर जुन्नरकडचे मामा बसले होते. दरडीबरोबर खाली आलेली एक फांदी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती.

अशी मांसल वनस्पती दाबणं सोपं नाही. नुसती कागदात ठेवली तर कितीतरी दिवस मरत नाही, दाबाखालीही वाढत राहते, पानं गाळते. म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवायची, मग रोज कागद बदलायचे. फूल स्पिरिटमध्ये. त्यात आकार टिकतो, रंग जातो. म्हणून गडद तांबड्या पाकळ्यांवरचा पिवळा डाग मी आधीच वहीत उतरवून घेतला.

मामांनी जुनं लेबल माझ्याकडून वाचून घेतलं. फ्रेरिया इंडिका.

"ताई, हे फ्रेरिया म्हंजी काय?"

"बार्टल फ्रेरे. १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर. डाल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ साहेबांनी त्यांचं नाव दिलं."

"त्यांनी शोधली व्हय?"

नाही, मी म्हणाले. मग नवं लेबल वाचून दाखवायची वेळ आली. अभ्यासकांनी ही वनस्पती कॅरालुमा या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, हलवली, तर तिथे 'इंडिका' नावाची जाती आधीच होती. एका प्रजातीत तेच नाव दोघींना चालत नाही. म्हणून 'फ्रेरेई' आलं. आता बौसेरोसिया फ्रेरेई. म्हणजे 'भारतातली' हा शब्द पुसला गेला आणि गव्हर्नर तेवढे राहिले.

नियम मला मान्य आहेत. ते नसते तर एकाच झाडाला दहा देशांत दहा नावं झाली असती. २०२४ मध्ये माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसने 'काफ्रा' हा कृष्णवर्णीय आफ्रिकनांसाठी अपमानकारक शब्द असलेली दोनशेहून जास्त नावं बदलायचं ठरवलं, तेही मतदान घेऊन, नियमानेच. पण कड्यावर दोर धरून उभा राहणारा माणूस आजही आमच्या शोधनिबंधांत 'स्थानिक मदतनीस' एवढाच उरतो, तोही शेवटच्या आभारात. याचा मला राग येतो. तिथे कुठला नियम आडवा येत नाही.

लेबलवर 'स्थानिक नाव' अशी एक ओळ असते. कपाटातल्या सगळ्या जुन्या शीटांवर ती कोरी होती. मी लिहिलं, 'शिंदळ माकडी', आणि मामांना वाचून दाखवलं.

"माकडी न्हाई ताई. माकुडी."

खोडून पुन्हा लिहिलं. खाली सांगणाऱ्याचं म्हणून मामांचं पूर्ण नाव आणि गाव घातलं.